खंडेनवमीचे चार युनिट

एक ऑक्टोबर, बुधवार, खंडेनवमी. सकाळचे साडेआठ. तव्यावर जोंधळ्याची पुरचुंडी गरम होत होती, बोका टॉवेलात गुंडाळून माझ्या काखेत होता आणि त्याची साखर मोजायचं यंत्र देवापुढे पाटावर, विळा आणि कोयत्याच्या मधे, हळदकुंकू लावून बसलं होतं.

ते तिथे मीच ठेवलं होतं, पहाटे, दूध संस्थेत जाण्याआधी. मी घरी नसताना आत्यांनी पूजा केली. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. एकदा पूजा झाली की त्या हत्याराला आमच्या घरात दसऱ्याच्या सकाळपर्यंत कुणी हात लावत नाही. विळा नाही, खुरपं नाही, शिलाई मशीनची कात्री नाही. त्या दिवशीचा कांदासुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवतात.

पुरचुंडी बोक्याच्या कानासाठी असते. मूठभर जोंधळा फडक्यात बांधून तव्यावर गरम करायचा आणि कानाच्या कडेला धरायचा. कान गरम झाला की रक्त लगेच येतं. थंड कानाला चारदा टोचलं तरी थेंब येत नाही आणि चौथ्यांदा बोका हाताला चावतो. माझ्या डाव्या अंगठ्यावर अजून दोन दातांचे व्रण आहेत. त्यानंतर मी त्याला गोणपाटात बांधायला लागले. मग टॉवेल पुरायला लागला.

मी निपाणीजवळच्या आमच्या गावात दूध संस्थेत फॅट काढते. एकवीस वर्षं झाली. माणसं किटल्या घेऊन येतात, मी नमुना घेते, यंत्र आकडा सांगतं, मी तो मोठ्याने वाचते. आकडा कमी आला की बायका म्हणतात, ‘वैनी, तुमचं यंत्र आमच्यावर खार खाऊन हाय.’ मी पुढची किटली ओढते. आकड्याशी भांडण करणाऱ्या माणसांचा मला कंटाळा आहे.

उरलेल्या नमुन्याचं दूध मी घरी आणायची आणि बोक्यापुढे ओतायची. सात वर्षं रोज दोन वेळा. तो मांजराऐवजी उशी दिसायला लागला. मग गेल्या उन्हाळ्यात अचानक आटला. पाटीभर पाणी प्यायचा, कडब्याच्या गंजीवर दिवसातून दहादा मुतायचा. मागचे पाय टाच टेकून, खुरडत टाकायला लागला. आत्या ओसरीवरून बघायच्या.

‘माझ्यावानीच चालतोय बघ त्यो,’ त्या म्हणाल्या.

त्यांनी थट्टेने म्हटलं होतं, पण ते खरं निघालं. संस्थेत म्हशींना तपासायला येणाऱ्या डॉक्टरांना मी बोका दाखवला. ते म्हणाले, ‘मी म्हशींचा डॉक्टर हाय वैनी, मांजराचं काय दाखवताय.’ तरी त्यांनी रक्त पाहिलं. साखर चारशेच्या वर होती. ‘दूध बंद, भाकरी बंद, भात बंद,’ ते म्हणाले. ‘कोंबडी उकडून, अंडं, मासळी एवढंच. आणि दिवसातनं दोनदा इन्सुलिन, दोन दोन युनिट. खाल्ल्याबिगर द्यायचं न्हाय. आकडा बघितल्याबिगर द्यायचं न्हाय. आणि डोस मला फोन केल्याबिगर बदलायचा न्हाय.’

एखादीने बोक्याला पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं असतं. माझा नवरा तेच म्हणाला. मीही तेच केलं असतं, पण मला बोक्याचा उपयोग दिसला.

आत्यांना बारा वर्षांपासून साखर आहे. गोळ्या चालेनाशा झाल्या होत्या. मार्चमध्ये उजव्या पायाच्या अंगठ्याला चपलेचा खिळा लागला, तो त्यांना कळलाच नाही, मोज्याला रक्त लागलं तेव्हा कळलं. जखम भरेना. चिकोडीचे डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले, इन्सुलिन सुरू करा, नाहीतर आधी बोट, मग पाऊल, मग गुडघा. आत्या तिथेच खुर्चीवरून उठल्या. त्यांची थोरली बहीण सदलग्याला दिलेली होती. तिला इन्सुलिन सुरू केलं आणि महिन्याच्या आत ती गेली. ती कशाने गेली हे कुणी नीट पाहिलं नव्हतं, पण आत्यांच्या डोक्यात ते पक्कं बसलं होतं.

‘सुई लागली की माणूस संपतंय,’ त्या म्हणायच्या.

‘पाय कापला की न्हाणीत कोण न्हेणार? मी न्हाय न्हेणार,’ मी म्हणायची.

‘नको न्हेऊ. सरपटत जाईन.’

असं आमचं दोन महिने चाललं. मग बोका आजारी पडला. मी ठरवलं की त्याला रोज आत्यांच्या डोळ्यांसमोर, ओसरीवर, त्यांच्या खाटेला टेकून टोचायचं. पहिल्या आठवड्यात त्यांनी तोंड फिरवलं. दुसऱ्या आठवड्यात आकडा विचारला. तिसऱ्यात म्हणाल्या, ‘माझाबी बघ. बघू कोण हुशार.’ बोक्याचा दोनशे वीस निघाला, त्यांचा तीनशे चाळीस. ‘बोका हुशार,’ त्या म्हणाल्या आणि स्वतःवरच हसल्या.

तेव्हापासून रोज सकाळी आधी बोक्याचा कान, मग आत्यांचं बोट. यंत्र एक, वही एक. वही ओसरीच्या खिळ्याला टांगलेली असते, डाव्या बाजूला बोका, उजव्या बाजूला आत्या. त्या दुसरीपर्यंत शिकलेल्या आहेत, आकडे त्यांना चांगले वाचता येतात. जून, जुलै, ऑगस्ट. डावी बाजू उतरत गेली, उजवी तिथेच राहिली. गौरी-गणपतीच्या सुमारास बोका टाचा उचलून चालायला लागला आणि एके दिवशी भिंतीवर चढला. आत्या बराच वेळ भिंतीकडे बघत होत्या.

‘दसऱ्याला सुई घेती,’ त्या म्हणाल्या. ‘मुहूर्ताचा दिस हाय. त्याआधी मला काय बोलू नको.’

मी चिकोडीला जाऊन त्यांचं औषध आणि सुया आणल्या. अंगठा तोवर काळा पडायला लागला होता. पट्टी बदलताना त्यांना वास येऊ नये म्हणून मी उदबत्ती लावायची. डॉक्टर म्हणाले होते, दसऱ्यापर्यंत थांबणं म्हणजे आधीच उशीर आहे, त्यानंतर एक दिवससुद्धा नको.

बावीस सप्टेंबरला घट बसले. घरात घट असताना आमच्याकडे मांस, अंडं, मासळी उंबऱ्याच्या आत येत नाही. आत्या त्यात कुणाचं ऐकत नाहीत. बोक्याची कोंबडी बंद झाली. मी म्हटलं, गोठ्यात शिजवते, गोठ्यातच घालते. त्या म्हणाल्या, ‘त्यो गोठ्यात खाऊन घरात येणार, घटापाशी बसणार. नऊ दिस काय मरत न्हाय.’ यंदा तिथी वाढली होती, नऊचे दहा झाले. दसऱ्याची सुई पणाला लागली असताना मला वाद वाढवायचा नव्हता.

बोका पुन्हा दूध-भाकरीवर आला. त्या उपवासाचा वरईचा भात खायच्या, त्यातला त्याला द्यायच्या. त्याची साखर चौथ्या दिवशी तीनशे ऐंशीवर गेली. आत्या रोज वही बघत होत्या. डावी बाजू चढते आहे हे त्यांना दिसत होतं. ‘सुई घेऊनबी चढतंय की,’ त्या म्हणाल्या. मला तेच नको होतं. त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन न करता दोनाचे तीन युनिट केले. सातव्या दिवशी चार. वहीत नीट लिहिलं, तीन, तीन, तीन, चार. नवव्या दिवशी संध्याकाळी आकडा दोनशे तीसवर आला. मला बरं वाटलं. एकवीस वर्षं यंत्र चालवणाऱ्या बाईला म्हशींच्या डॉक्टरला विचारायची काय गरज, असंही वाटलं.

खंडेनवमीला पहाटे मी आणखी एक हुशारी केली. साखरेचं यंत्र आणि आत्यांच्या नव्या सुयांचं पाकीट पूजेच्या पाटावर ठेवलं. ज्याला त्यांनी स्वतःच्या हाताने हळदकुंकू वाहिलं, त्याला दुसऱ्या दिवशी त्या नाही म्हणणार नाहीत, असा माझा हिशोब होता. बोक्याची एक सुई तेवढी मी बाजूला काढून ठेवली. यंत्राशिवाय सकाळ कशी काढायची, हा विचार मी केला नाही.

मी संस्थेतून परत आले तेव्हा घट उठले होते आणि नवऱ्याने मटणाचा वाटा आणला होता. आमच्या गल्लीत त्या दिवशी चार-पाच घरं मिळून बकरं पाडतात आणि वाटे करून नेतात. दहा दिवसांनी घरात मटण आलं होतं. आत्यांनी बोक्याला काळजाचे तुकडे आणि चरबी घातली होती, पोटभर. तो मिशा चाटत बसला होता. मी त्याला टॉवेलात घेतलं, पुरचुंडी तापवायला ठेवली आणि पाटाकडे हात नेला.

‘हात लावू नको,’ आत्या म्हणाल्या. ‘उद्या सकाळी उठवायचं.’

‘आत्या, आकडा बघितल्याबिगर देता येत न्हाय.’

‘एक दिस न बघता काय हुतंय? पोटभर खाल्लंय त्येनं. मीच घातलंय.’

‘संस्थेतल्या मशीनची पूजा केली आणि लगेच चालू केलं.’

‘ते संस्थेचं. त्येला देव न्हाय. हे माझ्या देवापुढचं हाय.’

मी यंत्र उचललं असतं तर त्यांनी मला अडवलं नसतं. तोंडाने बोलल्या असत्या, एवढंच. पण आज मी उचललं तर उद्या त्या म्हणणार होत्या, ‘पूजा मोडलीस, आता सुई न्हाय.’ ते मला स्पष्ट दिसत होतं. त्या म्हाताऱ्या अंगठ्यासाठी मी बोक्याचा आकडा सोडून दिला.

मग मी चार युनिट भरले. काल चार दिले होते, म्हणून चार. दहा दिवस भाकरी आणि वरई खाणाऱ्या बोक्याचे ते चार होते. आज त्याच्या पोटात नुसतं मांस होतं. हे मला माहीत होतं. भाकरी, भात बंद केल्यावर साखर किती झपाट्याने उतरते हे मी त्याच वहीत उन्हाळ्यात लिहिलं होतं. तरी हात सवयीने चारच्या रेघेपर्यंत गेला. मानेची कातडी चिमटीत धरली, टोचलं, सोडून दिलं.

अकराच्या सुमारास तो ओरडत चुलीपाशी आला. भूक लागल्यासारखा, घसा फाडून. रस्सा उकळत होता, नवऱ्याचे दोन मित्र जेवायला यायचे होते. मला वाटलं, वासाने चेकाळला आहे. मी त्याला पायाने बाहेर सारलं आणि दार लावून घेतलं. थोडा वेळ दारावर नखं वाजली, मग थांबली.

दीड वाजता पाहुणे पानावर होते. मी दुसऱ्यांदा रस्सा वाढत होते. आत्यांनी मागच्या दारातून हाक मारली.

‘अगं, बाहीर ये. बोका कसातरीच कराय लागलाय.’

तो कडबाकुट्टीच्या मशीनखाली आडवा पडला होता. चारही पाय पळत असल्यासारखे हलत होते. तोंडातून लाळ, डोळे उघडे पण कशावर नाहीत. खाली ओलं झालं होतं. मी गुडघ्यावर बसले आणि एकदम सगळं कळलं, जसं किटलीचं झाकण उघडताच दूध नासल्याचं कळतं.

कपाटाची किल्ली माझ्या कमरेला असते. मी धावत गेले, कपाटातून काकवीची बाटली काढली, बोट बुडवून त्याच्या हिरड्यांना काकवी चोळली. घशात ओतायची नाही, श्वासात जाते. नुसती चोळायची. बोट त्याच्या दातांखाली आलं, चावलं गेलं, मी काढलं नाही.

आत्या बाटलीकडे बघत होत्या. ‘मला म्हणालीस काकवी संपली,’ त्या म्हणाल्या.

‘तुमच्यापुरती संपली होती. यंत्र आणा.’

त्या हलल्या नाहीत.

‘आत्या, यंत्र.’

‘तूच आण की. मी काय बोलत न्हाय.’

मला दहा पावलं होती. मी गेले नाही. पुन्हा बोट काकवीत बुडवलं आणि म्हटलं, ‘नियम तुमचा हाय. तुमीच मोडा. त्यो मरंपतोर मी हितं बसती.’

माझ्या सासूबाई पासष्टच्या पुढे आहेत आणि त्यांच्या उजव्या पायाला जमीन कळत नाही. त्या भिंतीला धरून आत गेल्या. मी त्यांना आतून देवाची माफी मागताना ऐकलं. बाहेर आल्या तेव्हा यंत्र त्यांच्या पदरात होतं. पाहुण्यांतला एक दारात आला, वाटी हातातच. नवऱ्याने मागून त्याला बोलावलं, ‘ये रं, मांजरच हाय की.’

यंत्राच्या पट्टीला कुंकू किंवा काकवी लागू नये म्हणून मी हात परकराला पुसले. पुरचुंडी तापवायला वेळ नव्हता. कानाची कडा दोन बोटांत चोळली आणि टोचलं. यंत्राने आकडा दाखवला नाही. साखर मोजण्याइतकीसुद्धा राहिली नाही की ते आकड्याच्या जागी दोन इंग्रजी अक्षरं दाखवतं. मी ती अक्षरं पहिल्यांदाच पाहिली.

दहा मिनिटांनी एकेचाळीस. त्याचे पाय थांबले. अर्ध्या तासाने अठ्ठ्याऐंशी. त्याने डोकं उचललं आणि ते पुन्हा पाडलं.

मी फोन घेऊन गोठ्यामागे गेले. डॉक्टर त्यांच्या गावी होते. ‘माझी बॅग देवापुढं हाय वैनी,’ ते म्हणाले, ‘लागली तर उचलून येतो, पर तुमी बरोबर केलंय. काकवी चालू ठेवा, गिळायला लागला की खायला घाला, तासाला आकडा बघा. डोस किती दिलता?’

‘चार.’

‘मी दोन सांगितलं होतं.’

‘माहीत हाय.’

‘दोन दिलं असतं तर उतरलं असतं, पर एवढं न्हाय. आज रात्री देऊ नका. उद्या आकडा बघून एक. एकाच्या वर न्हाय.’

मी वळले तेव्हा आत्या अजून कडबाकुट्टीपाशी बसल्या होत्या, बोक्याचं डोकं मांडीवर घेऊन. त्यांच्या लुगड्याला काकवी लागली होती. मुंग्या यायला लागल्या होत्या.

चारच्या सुमारास बोका उभा राहिला. दोन पावलं चालला आणि पाण्याच्या पाटीवर आपटला. मागे सरला, पुन्हा आपटला. मी त्याच्या डोळ्यांपुढे हात हलवला. पापणी हलली नाही. साखर इतकी खाली गेली की मेंदूला मार बसतो, कधी दृष्टी परत येते, कधी येत नाही, असं डॉक्टरांनी नंतर सांगितलं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की भिंतीवर चढलेला बोका आता पाटी शोधू शकत नव्हता.

आत्यांनाही ते दिसलं.

‘माझ्या हातनं झालं,’ त्या म्हणाल्या. ‘मटण मी घातलं. यंत्र मी दिलं न्हाय.’

मी उत्तर देण्याआधी पाटीतलं पाणी ओतून टाकलं. त्या माझ्याकडे बघत होत्या. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

‘व्हय,’ मी म्हटलं.

संध्याकाळची संस्था करून मी आले तेव्हा त्या खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. जेवल्या नव्हत्या. पट्टी बदलायला मी पाय ओढला तर पाय आखडून घेतला.

‘उद्या मी घेणार न्हाय,’ त्या म्हणाल्या. ‘आज बघितलं मी. आक्काचं असंच झालं असंल. पाय हलवत गेली असंल ती.’

‘बोका सुईनं पडला न्हाय. आकडा न बघता सुई दिली म्हणून पडला. आकडा का बघितला न्हाय?’

त्या नखाने भिंतीचा पोपडा खरवडत राहिल्या.

‘उद्यापासनं तुमचा आकडा मी बघणार, मग सुई. त्यात काय हुत न्हाय.’

‘मी न्हाय घेणार. पाय जाऊ दे.’

मी तशीच पट्टी सोडली. अंगठ्याची कड आता काळ्यावरून ओली झाली होती. उदबत्ती लावायची राहिली होती आणि मी ती लावली नाही. तो वास त्यांना येऊ दिला.

‘बरं,’ मी म्हटलं. ‘मग बोक्याचीबी सुई उद्यापासनं बंद. त्येलाबी काय गरज न्हाय. आंधळा हायच. चार-सहा दिवस पाणी पिऊन पिऊन जाईल. तुमच्या हातनं एकदा झालं, दुसऱ्यांदा हू दे.’

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी मला बरंच काही बोलून घेतलं आहे, मूल उशिरा झालं त्यावरून, माहेरावरून, माझ्या नोकरीवरून.

‘लई वाईट हाईस तू,’ त्या म्हणाल्या.

‘व्हय. पाय इकडं करा.’

त्यांनी पाय दिला. मी जखम धुतली, मलम लावलं, पट्टी बांधली. त्या रात्री बोका त्यांच्या खाटेखाली झोपला आणि त्यांनी हात खाली सोडून ठेवला होता.

दसऱ्याच्या दिवशी मी नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर उठले. खिळ्यावरून वही काढली. नवरात्राच्या दहा दिवसांचं पान फाडलं आणि नवं लिहायला बसले. बोक्याचे आकडे जसे होते तसे उतरवले, आत्यांचे जसे होते तसे. डोसाच्या रकान्यात सगळीकडे दोन लिहिलं, काल सकाळीसुद्धा दोन. जुनं पान बंबात घातलं आणि वही परत टांगून संस्थेत गेले. एका बाईचं फॅट दोन पॉइंटने कमी आलं. सणाच्या दिवशी तरी वाढवून सांगा, असं ती म्हणाली. मी आहे तेच वाचलं.

साडेआठला परत आले. तवा ठेवल्याचा आवाज आला की बोका नेहमी कणगीमागे पळायचा. आज तो अंगणाच्या मधोमध उभा राहून कान फिरवत राहिला, कुठे लपायचं ते त्याला सापडत नव्हतं. मी सरळ उचलला. दोनशे नव्वद. उकडलेली कोंबडी बोटाने तोंडाशी धरली, त्याने वासाने खाल्ली. मग एक युनिट दिलं.

आत्या खाटेवर बसल्या होत्या. आंघोळ करून, कपाळाला कुंकू लावून, पाटावरच्या सुयांचं पाकीट मांडीवर घेऊन. त्यांचं बोट टोचलं. तीनशे अठरा. मी वही काढून लिहायला उघडली तशी त्यांनी हात पुढे केला.

‘बघू.’

मी दिली. त्यांनी ती डोळ्यांपासून लांब धरली आणि पानावरून बोट वरून खाली आणलं, सावकाश, ओळ न सोडता.

‘दहाबी दिसाचं एकाच पेनानं लिवलंस,’ त्या म्हणाल्या. ‘मधला निळा पेन कुठं गेला?’

मी औषधाच्या बाटलीच्या तोंडावर स्पिरिटचा बोळा फिरवत होते. फिरवत राहिले.

त्यांनी वही मिटली आणि खाटेवर उपडी ठेवली. बाजूला बोका पाय दुमडून बसला होता, तोंड भिंतीकडे. त्यांनी त्याच्या पाठीवर एकदा हात फिरवला. मग पदर बाजूला केला आणि पोट उघडं केलं.

‘टोच,’ त्या म्हणाल्या. ‘आणि किती घेतलंस ते मला दाखव. आता रोज दाखवायचं.’

मी सुई उजेडाकडे धरून चिकोडीच्या डॉक्टरांनी सांगितलेली दहाची रेघ दाखवली. त्यांनी नखाने रेघा मोजल्या. बेंबीच्या बाजूची कातडी मी चिमटीत धरली, ती म्हाताऱ्या म्हशीच्या गळ्यासारखी सैल होती, आणि सुई आत घातली. दहा अंक मोजले. त्यांनी डोळे मिटले नाहीत, माझ्याकडेच बघत होत्या. सुई काढली, टोपण लावलं, डब्यात टाकली. वहीत त्यांच्या बाजूला दहा लिहिलं, बोक्याच्या बाजूला एक, आणि वही त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती वाचून परत दिल्यावर मी खिळ्याला अडकवली आणि बोक्याची वाटी घासायला घेतली.